अकरावी-बारावी वगळून एनडीए होत नाही

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या चौकांत एनडीए-अकादम्यांचे नवे फलक झळकतात. गणवेशातली मुले, मागे रणगाडा आणि खाली वचन: दोन वर्षे आमच्याकडे द्या, मुलगा अधिकारी होऊन बाहेर पडेल. फलक वाचून चौकशीला गेलेल्या पालकांना पुढे जो सल्ला मिळतो, तो सांगलीत, नांदेडला किंवा जळगावात फारसा बदलत नाही. पहिला सल्ला असा की एनडीएला जायचे तर सायन्सच घ्यावे लागते, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचे ते काम नाही. दुसरा असा की गणित आणि जरुरीपुरते विज्ञान घोटा, बाकीच्या विषयांत वेळ घालवू नका, बारावी नुसती पास झाली तरी चालते. तिसरा असा की कॉलेजचा प्रवेश कागदावर ठेवा, हजेरीचे आम्ही बघतो, मुलगा दिवसभर अकादमीत राहील.

या तिन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे. पहिला अर्धसत्य आहे, दुसरा चुकीचा आहे आणि तिसरा मुलाचे आयुष्यभराचे नुकसान करणारा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची ही दोन वर्षे त्याच्या शिक्षणातली सर्वांत कसदार वर्षे असतात. त्यांत विषय डोळसपणे निवडले आणि ते मनापासून शिकले तर एनडीएची निम्मी तयारी तिथेच होते. या वर्षांना वळसा घालून जी तयारी विकली जाते, तिच्यावर पालकांनी आपली पुंजी लावू नये, हे मला या लेखात सांगायचे आहे.

आधी नियम पाहू, कारण या साऱ्या चर्चेत तोच सर्वांत कमी वाचला जातो. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, आणि नौदल अकादमी यांच्यासाठी एकत्र परीक्षा घेतो. वयाची मर्यादा साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो, अकरावीत असताना येत नाही. भूदलासाठी पात्रता आहे ती बारावी उत्तीर्ण, शाखा कोणतीही. हवाई दल, नौदल आणि केरळातील एझिमला येथील नौदल अकादमी यांच्यासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. 2025 सालच्या पहिल्या परीक्षेची जाहिरात 406 जागांची होती. त्यांत भूदलाच्या 208, हवाई दलाच्या 120, नौदलाच्या 42 आणि नौदल अकादमीच्या 36. म्हणजे निम्म्याहून अधिक जागांचा दरवाजा कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सरळ उघडा आहे.

खुद्द खडकवासल्याच्या प्रबोधिनीत काय चालते तेही पाहा. तीन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या छात्राला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. ती बी.एस्सी. असते, संगणकशास्त्राची असते, तशी बी.ए.ही असते. जी प्रबोधिनी स्वतः आपल्या छात्रांना बी.ए. करू देते, तिच्या नावाने इथे अकरावीच्या उंबरठ्यावर उभ्या मुलाला सांगितले जाते की कला शाखा घेतलीस तर तुझा लष्कराचा रस्ता बंद झाला. हा सल्ला देणाऱ्यांनी एकतर जाहिरात वाचलेली नसते, किंवा वाचूनही आपल्या सोयीची तेवढीच सांगितलेली असते. विज्ञानाची एकच तुकडी चालवणे अकादमीला सोपे पडते. मुलाला काय सोपे पडेल, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही.

याची किंमत कोण मोजतो? ज्याला इतिहासात गोडी आहे, जो वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतो, चार मुलांना बरोबर घेऊन गणेशोत्सवाचा मांडव उभा करतो, पण भौतिकशास्त्राची सूत्रे पाहिली की ज्याचे मन मिटते, असा मुलगा. त्याला बळेच विज्ञानात घातले की दोन वर्षे तो स्वतःला कमी समजत काढतो. बारावीला कसाबसा काठावर पास होतो, किंवा नापासच होतो. एनडीए तर हुकतेच, आणि बी.ए.ला जो पहिल्या बाकावर बसला असता तो मुलगा शिक्षणावरचा विश्वासच गमावून बसतो. अधिकारी होण्याचे गुण त्याच्यात होते. ते नसल्याची खात्री त्याला आपण करून दिली.

आता पहिल्या सल्ल्यातले अर्धे सत्यही सांगितले पाहिजे, नाहीतर माझाही सल्ला तितकाच लंगडा ठरेल. ज्या मुलामुलीला विमान चालवायचे आहे किंवा नौदलात जायचे आहे, त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित सोडूच नये. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत पदवीनंतर जायचे म्हटले तरी बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र मागे वळून विचारले जाते. अकरावीच्या अर्जावर सोडलेला विषय पाच वर्षांनी असा समोर येऊन उभा राहतो. ज्याला सशस्त्र दलांत डॉक्टर व्हायचे आहे, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जायचे आहे, त्याला जीवशास्त्र आणि नीट यांवाचून गत्यंतर नाही. म्हणून "एनडीएसाठी कोणती शाखा?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दलात, कोणत्या कामासाठी, हे आधी विचारावे आणि मग विषयांना हात घालावा.

आणखी एक गोष्ट अर्ज भरण्याआधी करावी, ती म्हणजे डोळ्यांची तपासणी. चष्म्याचा नंबर आणि रंग ओळखण्याची क्षमता यांचे निकष दल आणि शाखा यांनुसार वेगवेगळे आहेत, आणि वैमानिकासाठी ते सर्वांत कडक. कित्येक मुलांना आपल्याला रंगांतला फरक नीट कळत नाही हे एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, पार करून वैद्यकीय तपासणीच्या टेबलापर्यंत पोचल्यावर समजते. हे अकरावीपूर्वी कळले असते तर मुलाने दुसरे दल, दुसरे विषय, दुसरी वाट धरली असती. नेत्रतज्ज्ञाकडची एक खेप दोन वर्षांच्या फीपेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना खोटा दिलासा देणाऱ्यांचीही बाजू मी घेणार नाही. जाहिरातीत भूदलासाठी शाखेची अट नाही, पण परीक्षेत गणिताचा पेपर आहे आणि तो सगळ्यांना आहे, भूदलाला अर्ज करणाऱ्यालाही. बीजगणित, आव्यूह आणि निश्चयक, त्रिकोणमिती, द्विमितीय आणि त्रिमितीय भूमिती, विकलन, संकलन, सदिश, संख्याशास्त्र, संभाव्यता: हा सगळा अकरावी-बारावीचा पल्ला आहे. आपल्या राज्य मंडळात गणिताचे दोन विषय आहेत. एक कला व विज्ञान शाखांसाठीचा, दुसरा वाणिज्यचा. वाणिज्यच्या गणितात त्रिकोणमिती आणि सदिश नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर एनडीएच्या पेपराला बसणारा मुलगा मधल्या मोठ्या भागासमोर हात टेकतो. कला शाखेच्या मुलाला मात्र विज्ञानाच्या मुलाइतकेच गणित घेण्याची मुभा मंडळाने दिलेली आहे. ही गोष्ट किती मुख्याध्यापक आपल्या दहावीच्या वर्गाला सांगतात? किती कनिष्ठ महाविद्यालये कला शाखेत गणिताचा वर्ग प्रत्यक्ष चालवतात? मंडळाच्या कागदावर असलेला पर्याय कॉलेजच्या वेळापत्रकात नसेल, तर ग्रामीण भागातल्या मुलासाठी तो नसल्यातच जमा.

तेव्हा कला शाखा निवडून भूदलाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाने इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल हा गाभा धरावा. काही ठिकाणी संरक्षणशास्त्र हा विषयही मिळतो. चांगला विषय आहे, आवड असेल तर जरूर घ्यावा. पण नावात संरक्षण आहे म्हणून तो घ्यायचा आणि त्यापायी गणित सोडायचे, ही चूक करू नये. एनडीएच्या परीक्षेत संरक्षणशास्त्राचा पेपर नाही, गणिताचा आहे.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे वळू. बाकीच्या विषयांत वेळ घालवू नका म्हणे. एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची. त्यांतले 300 गणिताचे. उरलेल्या 600 गुणांचा पेपर सामान्य क्षमतेचा, आणि त्यात 200 गुण इंग्रजीचे. राहिलेल्या 400 पैकी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून निम्मे, म्हणजे साधारण 200. उरलेले 200 इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडींचे. ही बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी. गणिताचे 300, इंग्रजीचे 200, विज्ञानाचे 200, सामाजिक शास्त्रांचे 200. ज्या विषयांना अकादमीचा सल्ला "बाकीचे" म्हणतो, त्या इंग्रजी, इतिहास, भूगोल आणि घडामोडींचे मिळून 400 गुण होतात, गणितापेक्षा 100 जास्त. एवढे गुण रविवारच्या एका तासिकेवर आणि गाइडच्या प्रश्नसंचावर सोपवणे याला तयारी म्हणता येत नाही.

लेखी परीक्षेची पात्रता-रेषाही पाहावी. गेल्या काही वर्षांत ती 900 पैकी साधारण 290 ते 360 या पट्ट्यात फिरलेली आहे, शिवाय प्रत्येक पेपरात ठरावीक किमान गुण मिळवावे लागतात. याचा अर्थ असा की ही परीक्षा एका विषयात शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलाला शोधत नाही. चारही बाजूंनी बऱ्यापैकी उभा असलेला मुलगा तिला हवा आहे. गणितात माफक, इंग्रजीत चांगला, भूगोल-इतिहासात पक्का आणि विज्ञानात दहावीचा पाया शाबूत असलेला कला शाखेचा विद्यार्थी ही रेषा ओलांडू शकतो. आणि विज्ञानाचा हुशार मुलगा, ज्याने दोन वर्षांत सूत्रांपलीकडे दुसरे काहीच वाचलेले नाही, तो इंग्रजीच्या उताऱ्यावर आणि नकाशाच्या प्रश्नांवर अडखळू शकतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमाच्या मुलाला तर भाषेची तयारी दुप्पट लागते, आणि त्यालाच भाषेचे तास बुडवायला सांगितले जाते.

घोटून घेण्याचीही गोष्ट करू. गणिताच्या पेपरात 120 प्रश्न असतात आणि वेळ अडीच तास. प्रश्नामागे सव्वा मिनिट. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. एखादे संकलन समोर येते. ज्याने अकरावीत फलन म्हणजे काय आणि बारावीत क्षेत्रफळाशी संकलनाचे नाते काय हे समजून घेतलेले असते, तो आलेख मनात उभा करतो, दोन्ही बाजूंची सममिती पाहतो आणि उत्तर शून्य असल्याचे गणित न मांडता ओळखतो. ज्याने पन्नास सूत्रे आणि त्यांच्या युक्त्या पाठ केलेल्या असतात, तो यातली कोणती युक्ती लावायची ते आठवत बसतो, सव्वा मिनिट संपते, आणि अंदाजाने खूण केलेले उत्तर हाती असलेले गुणही घेऊन जाते. समज असलेल्याला वेग येतो, वेगातून समज येत नाही. ही समज वर्गात, फळ्यासमोर, वहीत चुकून आणि पुन्हा करून येते. त्याला दोन वर्षे लागतात, म्हणून तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा केलेला आहे.

बारावी नुसती पास झाली तरी चालते, हे एनडीएपुरते नियमाच्या चौकटीत खरे आहे, कारण तिथे टक्केवारीची अट नाही. पण लष्कराच्या दारी जायला एनडीए हा एकच रस्ता आहे का? भूदलाच्या बारावीनंतरच्या तांत्रिक प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात मिळून 60 टक्के लागतात आणि जेईई मेन दिलेली असावी लागते. नौदलाच्या बी.टेक. प्रवेशासाठी याच तीन विषयांत 70 टक्के, इंग्रजीत 50 टक्के आणि जेईई मेनचा क्रमांक लागतो. या दोन्ही वाटांना आयोगाची लेखी परीक्षा नाही, थेट मुलाखत-मंडळाकडे बोलावले जाते. एनडीएच्या नादात बारावीला पंचावन्न टक्क्यांवर थांबलेल्या मुलासाठी हे दोन्ही दरवाजे त्याच्याच हातांनी बंद झालेले असतात. आणि त्याला तसे करायला सांगणारा पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या प्रवेशात गुंतलेला असतो.

तिसरा सल्ला सर्वांत वाईट. कॉलेज कागदावर, मुलगा अकादमीत. याला "टाय-अप" किंवा "इंटिग्रेटेड" अशी नावे आहेत, पण व्यवहार सरळ आहे. न बसलेल्या तासांची हजेरी लागते, न केलेल्या प्रयोगांची जर्नल तयार होते, प्रात्यक्षिकाचे 30 गुण ठरल्याप्रमाणे पडतात. राज्य शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. आदेश निघाला, व्यवहार थांबला नाही.

यातले शैक्षणिक नुकसान मोठे आहे, पण मला त्याहून अधिक बोचतो तो यातला खोटेपणा. ज्या मुलाला आपण देशाच्या सैन्यात अधिकारी म्हणून पाठवू पाहतो, ज्याच्या शब्दावर पुढे जवान आपला जीव ठेवणार आहेत, त्याची पहिली पायरी आपण खोट्या सहीने घडवतो. त्याला सोळाव्या वर्षी शिकवतो की मोठ्या ध्येयासाठी लहान लबाडी चालते. सैन्यातल्या अधिकाऱ्याला सर्वांत आधी सोडावी लागते ती हीच समजूत.

याचा हिशेब पुढे समोर येतोच. लेखी परीक्षेनंतर एसएसबी असते, भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज अशा ठिकाणी, पाच दिवसांची. तिचे गुण लेखी परीक्षेइतकेच, 900. उमेदवार तिथे पोचला की आधी आपल्या माहितीचा एक फॉर्म भरतो: शाळा, कॉलेज, गुण, खेळ, एनसीसी, अंगावर घेतलेल्या जबाबदाऱ्या. मुलाखत घेणारा अधिकारी तोच फॉर्म समोर ठेवून बोलायला लागतो. कॉलेजात कोणते शिक्षक आवडतात, का आवडतात, दहावीपेक्षा बारावीत गुण का घसरले, मित्र कोण, संध्याकाळी काय करतोस, कॉलेजच्या कोणत्या उपक्रमात भाग घेतलास. प्रश्न साधे असतात आणि एकापाठोपाठ एक येतात. जो कॉलेजला गेलेलाच नाही, त्याला पहिल्या प्रश्नापासून एक आयुष्य रचून सांगावे लागते. समोरचा माणूस वर्षानुवर्षे हेच काम करणारा असतो. त्याला रचलेले आणि जगलेले यांतला फरक कळतो.

पहिल्या दिवशी पडद्यावर एक अंधुक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. मग गटात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. पुढे शब्दांची चाचणी: एकामागून एक 60 शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात आलेले पहिले वाक्य लिहायचे. गटाच्या कामांत एक छोटे भाषण असते. चिठ्ठीवर चार विषय, तीन मिनिटे विचार, तीन मिनिटे बोलणे. तिथे समजा "नदीजोड प्रकल्प" हा विषय आला. ज्याने अकरावीच्या भूगोलात खोऱ्यांचा अभ्यास केला आहे, मराठवाड्यातल्या आपल्या गावाला टँकर येताना पाहिला आहे आणि त्या दोन्हींचा संबंध एकदा तरी वहीत मांडला आहे, त्याच्याकडे तीन मिनिटे बोलण्यासारखे काहीतरी आहे. ज्याच्याकडून नमुना-भाषणे पाठ करून घेतली आहेत, तो पहिल्या मिनिटाला छान बोलतो आणि मग थांबतो. पाठ गोष्टींतला नायक दरवेळी पूरग्रस्तांना वाचवतो, दरवेळी वर्गणी गोळा करतो, दरवेळी बक्षीस मिळवतो. परीक्षकांनी हा नायक शेकडो वेळा वाचलेला असतो.

एसएसबी ज्यांना अधिकाऱ्याचे गुण म्हणते ते पंधरा आहेत. बुद्धी, संघटनशक्ती, जबाबदारीची जाणीव, सहकार्य, पुढाकार, धाडस असे. यांतला एकही क्रॅश कोर्सने येत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी घेऊन, एनसीसीच्या शिबिरात दमून, वक्तृत्व स्पर्धेत हरून, प्रयोगशाळेत आपल्या जोडीदाराबरोबर एकाच लंबकाचे वीस आंदोलनकाल मोजून ते येतात. ज्युनियर कॉलेजच्या दोन वर्षांत एनसीसीचे बी प्रमाणपत्र मिळवता येते. कागदावरच्या विद्यार्थ्याला तेही मिळत नाही.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे. पालक मला सांगतात, तुमचे सगळे खरे, पण आमच्या गावच्या कॉलेजात शिकवतात कुठे? गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी आहे, भौतिकशास्त्र तासिका तत्त्वावर चालते, प्रयोगशाळेला कुलूप आहे. अकादमीत निदान कोणीतरी सकाळी पाचला उठवून पळायला लावतो, अभ्यासाला बसवतो. हे म्हणणे मी झटकणार नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांची स्थिती अशीच आहे, आणि अकादम्यांचा धंदा या पोकळीतच उभा राहिला आहे. शिस्त, व्यायाम आणि सराव परीक्षा यांचे मोलही मी नाकारत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, सुटीत, कॉलेजला जोड म्हणून शिकवणारा प्रामाणिक वर्ग असेल तर मुलाने जरूर जावे. माझा विरोध आहे तो कॉलेज गिळून टाकणाऱ्या व्यवस्थेला. कॉलेज नीट चालत नाही यावर उपाय कॉलेज नीट चालवणे हाच आहे. त्यासाठी जेवढी फी अकादमीत भरली जाते, तेवढा आवाज पालकसभेत आणि जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात उठला, तर चित्र पालटेल.

दुसरे म्हणणे असे की निवासी संस्थांनीच अधिकारी घडवले ना? साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून आहे, देशातली पहिली. नाशिकची भोसला सैनिकी शाळा डॉ. मुंजे यांनी 1937 साली काढली. सैन्यात मराठी अधिकाऱ्यांचे प्रमाण वाढावे म्हणून राज्य शासनाने 1977 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू केली, आणि मुलींसाठी 2023 पासून नाशिकला तशीच संस्था आहे. या संस्था माझ्याच बाजूने साक्ष देतात. तिथे निवड कसून होते, आणि निवडलेली मुले अकरावी-बारावी पूर्ण शिकतात. जोडीला मैदान, वाचन, वादविवाद, इंग्रजी संभाषण येते. नियमित शिक्षण तिथे वजा होत नाही, त्यात भर पडते. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून प्रदीप नाईक हवाई दलप्रमुख झाले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या गावातल्या शाळेतून मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले. एक निवासी सैनिकी शाळा, दुसरी दिवसाची शाळा. दोन्हीकडे मुलांना शाळा खरोखर मिळाली, एवढे समान आहे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न जास्त तातडीचा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, आणि मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. पण आपल्या घरांत अजूनही हुशार मुलीला दहावीनंतर जीवशास्त्राकडे ढकलले जाते, आणि "दोन्ही झेपणार नाही" म्हणून गणित सोडायला लावले जाते. त्या एका खुणेने ती हवाई दल आणि नौदलातून बाद होते, आणि भूदलाच्या परीक्षेतले 300 गुण तिला जवळजवळ परके होतात. ज्या मुलीने एकदा जरी गणवेशाचे नाव काढले असेल, तिला घरच्यांनी गणित सोडायला लावू नये. नंतर मन बदलले तर गणित तिला कुठेच आडवे येणार नाही.

आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांचे काय? देशभरातून लाखो अर्ज येतात आणि जागा चारशेच्या घरात. चौकातल्या फलकाखाली प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी बहुतेक जण खडकवासल्याला पोचणार नाहीत, हे कोणालाही दिसते. फलक लावणारा त्यांचा उल्लेख करत नाही, म्हणून तो मला करायचा आहे. या मुलाकडे चांगली बारावी असेल तर पदवी आहे, पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे, डेहराडूनची भारतीय सैन्य अकादमी आहे, चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे, आणि तिच्यासाठी तर सीडीएसला गणिताचा पेपरही नाही. एनसीसीचा खास प्रवेश आहे, हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहे. अभियंता, शिक्षक, वकील होऊनही तो देशाचे काम करू शकतो. त्याच्याकडे कागदी बारावी असेल तर साडेएकोणीस वर्षे उलटल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही. तयारी अशी असावी की निवड झाली नाही तरी ती वाया जाऊ नये. अकरावी-बारावी मन लावून शिकण्याची तयारी तशी असते.

म्हणून माझे सांगणे नेमके आहे. विज्ञान झेपते आणि आवडते अशा मुलाने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घ्यावे आणि चौथा विषय निवडताना भूगोल मिळत असेल तर त्याचा विचार करावा, कारण त्याचा थेट उपयोग आहे. गुण सहज मिळतात म्हणून भाषा सोडून दुसरा विषय घेण्याआधी दहादा विचार करावा. ज्याला मायबोलीत चार ओळींची गोष्ट रचता येत नाही, त्याला ती इंग्रजीतही येणार नाही. कलेकडे ओढा असलेल्याने न लाजता कला शाखा घ्यावी, पण गणितासह. वाणिज्य घेणाऱ्याने त्रिकोणमिती आणि सदिश स्वतंत्रपणे शिकण्याची मनाची तयारी ठेवावी. इंग्रजी वर्तमानपत्र रोज, मराठी पुस्तक नेहमी, मैदान दररोज.

कनिष्ठ महाविद्यालयांकडे माझे मागणे आहे की कला शाखेत गणिताचा वर्ग सुरू करावा, दहा मुले असली तरी. शासनाकडे मागणे आहे की रिक्त जागा भराव्यात आणि हजेरीचा आदेश पाळला जातो की नाही हे प्रत्यक्ष वर्गात येऊन पाहावे. अकादम्यांना माझे आव्हान आहे की फलकावर निवड झालेल्यांचे फोटो लावता, त्याच फलकावर त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एकूण मुलांची संख्या लिहा, आणि त्यांच्या बारावीच्या निकालाची टक्केवारीही लिहा. जी अकादमी हे लिहील, तिच्याकडे मुलाला पाठवण्याचा विचार पालकांनी करावा. जी लिहिणार नाही, तिच्या पायऱ्या चढू नयेत. मुलगा आपला आहे, वर्षे त्याची आहेत, आणि ती परत मिळवून देण्याची हमी कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.